आटे, उस्ताद आणि अंजुमन

लाकूड फिरते ठेवून त्याला गोलाई देणाऱ्या कारागिराला मराठीत कातारी म्हणतात, उर्दूत खरादी. वर्गात दोन्ही शब्द फळ्यावर लिहिले तर मुलांना एकही ओळखू येत नाही. "लेथवाला" म्हटले की मात्र निम्मे हात वर होतात. कुणाचे वडील, कुणाचे मामू, कुणाचा मोठा भाई. सावेडीहून मनमाड रस्त्याने नागापूरच्या एमआयडीसीकडे निघालात की मोठ्या कारखान्यांच्या आडोशाला दोन-तीन लेथ घेऊन बसलेली वर्कशॉप दिसतात. त्यांतल्या कित्येक ठिकाणी उस्ताद आपल्या समाजातला असतो. हा लेख त्या लेथचा आणि ज्यांनी जगभर त्या लेथचे नियम ठरवले त्यांचा आहे.

नगरला धातूकामाची परंपरा नवी नाही. विजापूरच्या बुरुजावर असलेली मलिक-ए-मैदान तोफ नगरात ओतली गेली, १५४९ मध्ये, बुऱ्हाण निजामशहाच्या काळात. ओतणारा मुहम्मद नावाचा रूमी उस्ताद, ज्याला आपण रूमी खान म्हणून ओळखतो. लांबी सुमारे चौदा फूट, वजन सुमारे ५५ टन सांगितले जाते. रूमी म्हणजे रूमचा, आजच्या तुर्कस्तानाकडचा. त्या मुलखात कारागिरांच्या 'अखी' नावाच्या बिरादऱ्या होत्या. इब्न बतूताने चौदाव्या शतकात त्यांचा पाहुणचार घेतला आणि प्रवासवर्णनात त्यांच्याविषयी मनापासून लिहिले. उस्ताद-शागिर्दाचे नाते, मालाची प्रत, मुसाफिराची सोय, हे सगळे ही बिरादरी बघत असे. युरोपात हेच काम गिल्ड करत. नगरात ती तोफ ओतणाऱ्या हातांनी मात्र मागे कुठली संघटना ठेवली नाही. तोफ राहिली, हुनर दरबाराबरोबर गेला.

तोफेचा आणि लेथचा संबंध काय, असे कुणी विचारील. अगदी सख्खा आहे. तोफेची नळी आतून सरळ आणि गोल कोरायची कशी, या प्रश्नातूनच आधुनिक मशीन टूल मोठे झाले. इंग्लंडच्या जॉन विल्किन्सनने १७७४ मध्ये तोफा कोरण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. लगेच त्याच विद्येने जेम्स वॅटच्या वाफेच्या इंजिनाचे सिलिंडर कोरले जाऊ लागले. त्याआधी वॅटच्या सिलिंडरमधून वाफ निसटत असे, कारण ते पुरेसे गोलच नव्हते. मशीन टूल म्हणजे यंत्र बनवणारे यंत्र. ते नसेल तर बाकीची यंत्रे कागदावरच राहतात.

आता आट्यांकडे येऊ. पूर्वी प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे असत. एका कारखान्याचा बोल्ट दुसऱ्याच्या नटात बसत नसे. १८४१ मध्ये व्हिटवर्थने इंग्लंडसाठी ५५ अंशांचे आटे सुचवले, ते इंचात. अमेरिकेने १८६४ मध्ये ६० अंशांचे वेगळे मानक पुढे केले. युरोपच्या मुख्य भूमीवर मेट्रिक मापे होती, पण बोल्ट मात्र इंचाचे. हा गोंधळ कुठल्या राजाच्या फर्मानाने मिटला नाही. १८९८ मध्ये झुरिक शहरात एक परिषद भरली. तिच्यामागे जर्मन अभियंत्यांची संघटना, स्विस यंत्रनिर्मात्यांचा संघ आणि फ्रान्समधील उद्योगांना उत्तेजन देणारी संस्था होती. तिथे मेट्रिक आट्यांचे मानक ठरले, कोन ६० अंशांचा. आज तुमच्या मोटरसायकलला लागणारा दहा-अकराचा पाना त्याच वंशातला.

आपल्याकडे १९५६ च्या कायद्याने मेट्रिक मापे आली, पण वर्कशॉपमधले जुने विलायती लेथ इंचातच विचार करत राहिले. अशा लेथवर मेट्रिक आटे पाडायचे तर १२७ दात्यांचे चाक लावावे लागते. का? एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, आणि त्याची पाचपट १२७. जुन्या उस्तादांना हे गणित शाळेने शिकवलेले नव्हते, पण ते चाक कुठे टांगलेले आहे हे त्यांना अंधारातही सापडे. आणि माप मात्र अजून 'सूत' म्हणूनच सांगतात. एका सुताचे तीन मिलिमीटरहून थोडे अधिक होतात, हे मी विज्ञानाच्या मास्तरांकडून ऐकले.

गिल्ड आणि आजची व्यापारी संघटना एकच नव्हे, हे इथे सांगितले पाहिजे. गिल्डचा दरवाजा बंद असे: कोण कसब करील, किती शागिर्द ठेवील, सगळ्यावर बंधन. क्रांतीनंतर फ्रान्सने १७९१ मध्ये ती मोडलीच. त्यानंतर शे-सव्वाशे वर्षांत जे उभे राहिले ते वेगळ्या स्वभावाचे होते. जर्मन मशीन टूल कारखानदारांची व्हीडीडब्ल्यू ही संघटना १८९१ ची. ब्रिटनची १९१९ ची. इटलीची उचिमू महायुद्ध संपले त्याच वर्षी, १९४५ मध्ये. आणि १९५० मध्ये या राष्ट्रीय संघटनांची मिळून सेसिमो ही युरोपीय समिती झाली. पाच वर्षांपूर्वी ज्या देशांची विमाने एकमेकांचे कारखाने जाळत होती, त्याच देशांतले कारखानदार पुढे एका टेबलाशी बसून उत्पादनाचे आकडे एकमेकांना सांगू लागले. मला हीच गोष्ट सगळ्यात मोठी वाटते. व्यापारी माणूस आपला आकडा सख्ख्या भावाला सांगत नाही.

सेसिमोच्या छत्राखाली आज सुमारे १,५०० कारखाने येतात, आणि त्यांतले ८० टक्क्यांहून अधिक लघु व मध्यम आहेत. युरोपचे मशीन टूल म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे अवाढव्य कंपन्या येतात, पण यांतले बरेच पिढीजात घरगुती कारखाने आहेत. एकट्याने त्यांना ना ब्रुसेल्सच्या कायद्यांशी भांडता येते, ना दूरदेशी प्रदर्शनात मांडव टाकता येतो. म्हणून १९७५ पासून 'एमो' हे एकच मोठे प्रदर्शन ठरले. पहिले पॅरिसला, आणि आता हॅनोव्हर व मिलान यांच्यात फिरते. हॅनोव्हरला जर्मन संघटना भरवते, मिलानला इटालियन.

पण संघटना म्हणजे ताविज नव्हे. कॉव्हेंट्रीचा आल्फ्रेड हर्बर्ट हा एके काळी जगातल्या सर्वांत मोठ्या मशीन टूल कारखान्यांपैकी एक. त्याचा माल हिंदुस्थानभर विकला जाई. १९८० च्या दशकाच्या आरंभी तो बुडाला. ब्रिटनची संघटना तेव्हा साठी ओलांडून गेलेली होती. संगणकावर चालणारी यंत्रे आली, १९८२ च्या सुमारास जपान उत्पादनात पहिला झाला, आणि जुन्या नावावर बसून राहिलेले मागे पडले. जर्मन आणि इटालियन टिकले, त्यात संघटनेचा वाटा होता. तरी माझ्या मते त्याहून मोठा वाटा त्यांच्या शागिर्दी शिक्षणाचा होता.

आपल्या देशात काय झाले? दुसऱ्या महायुद्धात विलायतेहून यंत्रे येणे अवघड झाले आणि देशी लेथला भाव आला. लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या घराण्याने १९४१ मध्ये हरिहरला मैसूर किर्लोस्कर काढली, ती लेथसाठी. १९४६ मध्ये, स्वातंत्र्याच्या आदल्या वर्षी, भारतीय मशीन टूल उत्पादकांची 'इम्टमा' ही संघटना झाली. १९५३ मध्ये सरकारने स्विस ओर्लिकोनच्या मदतीने बंगळुरूला एचएमटी उभारली. इम्टमाचे 'इम्टेक्स' प्रदर्शन पहिल्यांदा १९६९ मध्ये मुंबईत भरले. २००७ पासून ते बंगळुरूत, संघटनेच्या स्वतःच्या प्रदर्शन केंद्रात भरते. एमोचाच हा नमुना, थोडा देशी केलेला. पुण्याची मराठा चेंबर त्याहूनही जुनी, १९३४ ची. मराठी माणसाला संघटना जमत नाही असे म्हणणाऱ्यांनी तो इतिहास जरूर वाचावा.

यात आमचा उस्ताद कुठे आहे? इम्टमा यंत्रे बनवणाऱ्यांची. उस्ताद तर ती यंत्रे जुनी झाल्यावर विकत घेणारा. मुंबईत अंजुमन-ए-इस्लाम १८७४ मध्ये निघाली, आणि त्या रोपट्याची कलमे गावोगाव लागली. मीही अशाच उर्दू शिक्षणाच्या सावलीत वाढलो. आमच्याकडे शाळेसाठी अंजुमन आहे, मशिदीसाठी जमात आहे, मयतीसाठी कमिटी आहे. लेथ, वेल्डिंग, गॅरेज यांवर इतकी घरे चालतात, पण त्या कसबाची अंजुमन मला तरी नगरात भेटलेली नाही. परिणाम साधा आहे. सीएनसी मशीन एका उस्तादाला झेपत नाही. चौघांनी मिळून घ्यावे तर चौघांत कुणी कुणाला आपली मजुरी किती ते सांगत नाही. मोठ्या कंपनीचा माणूस हे ओळखून असतो आणि प्रत्येकाला शेजाऱ्याचा कमी दर सांगून आणखी कमी करायला लावतो.

शिक्षणाचेही तसेच. शेजारी औरंगाबादेत, आताच्या छत्रपती संभाजीनगरात, जर्मन सहकार्याने उभे राहिलेले इंडो-जर्मन टूल रूम आहे. डाय आणि टूल बनवण्याचे तिथले शिक्षण युरोपच्या शागिर्दीच्या धर्तीचे: अर्धे पुस्तकात, अर्धे यंत्रावर. दहावीनंतर प्रवेशाची परीक्षा देता येते. दरवर्षी दहावीच्या निकालानंतर मी वर्गातल्या पालकांना याविषयी सांगतो. बहुतेक जण म्हणतात, "सर, पोरगं मामूकडे बसतंय की, तीन महिन्यांत हात बसेल." हात बसतो, हे खरे आहे. मामूला ड्रॉइंग वाचता येत नाही, म्हणून पोरालाही येत नाही, हेही खरे आहे.

यंदा दोन मुलांनी फॉर्म भरले. त्यांतला एक खरादी आडनावाचा आहे. आडनावाचा अर्थ त्याला मीच सांगितला.