सर्पगंधा : कडू मुळीतून बीपीची गोळी कशी आली?

‘बीपीच्या गोळ्या सोडा, सर्पगंधेचं चूर्ण घ्या’ असे मेसेज अधूनमधून फिरत असतात. सर्पगंधेने रक्तदाब खरोखर उतरतो. म्हणूनच ती स्वतःच्या मनाने घेणं धोक्याचं आहे.

मुळीत काय सापडलं?

सर्पगंधेची कडू मुळी आपल्याकडे झोप न येणं, उन्माद आणि सर्पदंशावर वापरली जायची. १९३१ मध्ये दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुझ्झमान सिद्दीकी आणि रफत हुसेन सिद्दीकी यांनी तिच्यातून अनेक अल्कलॉइड वेगळी केली. एकाला हकीम अजमल खान यांच्यावरून ‘अजमलिन’ नाव मिळालं. त्याच वर्षी गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी या मुळीने रक्तदाब कमी होत असल्याचं प्रसिद्ध केलं.

१९४९ मध्ये मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ५० रुग्णांवरचे निष्कर्ष ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मांडले आणि जगाचं लक्ष वेधलं गेलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीतल्या संशोधकांनी मुळीतून ‘रिसर्पिन’ वेगळं केलं.

रिसर्पिन काय करतं?

मज्जातंतूंच्या टोकांना नॉरअ‍ॅड्रेनलिन हे रसायन साठवलेलं असतं. त्यामुळे रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. रिसर्पिन हा साठा होऊ देत नाही. रक्तवाहिन्या सैलावतात, नाडी मंदावते, रक्तदाब उतरतो. मेंदूतल्या सेरोटोनिन आणि डोपामिनचा साठाही असाच कमी होतो. म्हणून सुस्ती, नाक चोंदणं, काहींना नैराश्य असे त्रास होतात. आता इतर औषधं उपलब्ध असल्याने रिसर्पिन क्वचितच दिलं जातं.

मग चूर्ण का नको?

रिसर्पिनच्या गोळीत ०.१ किंवा ०.२५ मिलिग्रॅम इतकंच औषध असतं. मुळीत मात्र ५० हून अधिक अल्कलॉइड आहेत. त्यातलं अजमलिन थेट हृदयाच्या ठोक्यांच्या लयीवर परिणाम करतं. झाड कुठलं, किती जुनं, कोणत्या ऋतूत काढलं यावर त्यांचं प्रमाण बदलतं. चमचाभर चूर्णात किती रिसर्पिन आहे, हे चवीवरून किंवा रंगावरून कळत नाही. त्यासाठी प्रयोगशाळाच लागते. शिवाय परिणाम हळूहळू चढतो आणि चूर्ण थांबवल्यावरही काही दिवस टिकतो.

गरोदर स्त्रिया, नैराश्याचे आणि पोटात अल्सर असलेले रुग्ण यांना धोका अधिक. चालू गोळी अचानक सोडली, तर रक्तदाब पुन्हा वाढू शकतो. घरात कुणी असं चूर्ण घेत असेल, तर ते डॉक्टरांना जरूर सांगा.