पुष्पवृक्षांचीं कुलें आणि वैद्यकबाडांचा कालनिर्णय

जुन्या वैद्यकबाडांचा संग्रह करणाऱ्यांस वनस्पतींच्या नांवांची अडचण पदोपदीं पडते. कागद, शाई, अक्षराचें वळण, लिपि मोडी कीं बाळबोध, यांचा विचार आपण कसोशीनें करतों. परंतु आंत 'चाफ्याची साल' असे शब्द आले म्हणजे बहुधा न थांबतां पुढें जातों. आमच्या मतें तेथेंच थांबलें पाहिजे. हा चाफा कोणता, हें ठरल्यावांचून पाठाचा अर्थ लागत नाहीं. आणि कित्येकदां त्या ओळीचा कालही त्या एका शब्दांतच दडलेला असतो.

लोणार तालुक्यांतील आमच्या बीबीसारख्या गांवीं नुसतें 'चाफा' म्हटलें कीं पांढरा चाफा डोळ्यांपुढें येतो: जाड ठोसर फांद्या, पान तोडतांच वाहणारा चीक, पांढऱ्या पाकळ्यांच्या पोटांत पिवळी झांक. दुसऱ्या प्रांतांतील वाचकास त्याच शब्दानें सोनचाफा आठवेल. मराठींत चाफे निदान सहा आहेत. सोनचाफा व कवठी चाफा हे दोघे सख्खे. त्यांच्या कुलास पाश्चात्य शास्त्रांत मॅग्नोलिएसी असें नांव आहे. हिरवा चाफा हें आंकड्यांचा आधार घेऊन चढणारें वेलीसारखें झुडूप, आणि त्याचें कुल सीताफळाचें, अॅनोनेसी. ज्याच्या फुलांपासून नागकेसर मिळतें तो नागचाफा उंडीच्या कुलांतला, म्हणजे कॅलोफिलेसींतला. भुईचाफा तर वृक्षही नव्हे, झुडूपही नव्हे. तो हळदीच्या कुलांतला कंद. आणि आमचा पांढरा चाफा कण्हेरीचा भाऊबंद, अॅपोसायनेसी कुलांतला. एका नांवाखालीं सहा वनस्पति आणि त्यांचीं पांच कुलें!

हा घोटाळा केवळ प्राकृत जनांचा नव्हे. अमरकोशाच्या द्वितीय कांडांतील वनौषधिवर्गांत 'चाम्पेय' हा शब्द चंपकाच्या पर्यायांत आहे आणि थोड्याच अंतरावर नागकेसराच्या पर्यायांतही आहे. एकाचें दुसरें नांव हेमपुष्पक, दुसऱ्याचें कांचनाह्वय. म्हणजे नांव देणाऱ्याची नजर सोन्यासारख्या रंगावर व सुवासावर होती. पाकळ्या किती, पुंकेसर कोठें जडलेले, बीजकोश कसा, हा विचार त्या नांवांत नाहीं. अमर तोंडपाठ असलेल्या विद्यार्थ्यास शब्द येतो, झाड येत नाहीं. हें आम्हीं शाळेंत वर्षानुवर्षें पाहिलें आहे.

आतां 'कुल' म्हणजे काय तें थोडक्यांत सांगतों. लिनियस यानें १७५३ सालीं वनस्पतींस द्विपदी नांवें लावलीं, पण त्याचे वर्ग मुख्यतः पुंकेसरांच्या संख्येवर बसविलेले होते. फुलाच्या व बीजाच्या अनेक लक्षणांचा एकत्र विचार करून नैसर्गिक कुलें पाडण्याचें काम आंत्वान् लोरां द जुस्यू याच्या १७८९ च्या ग्रंथानें दृढ केलें. आमच्या निघंटूंतील वर्ग निराळ्या हेतूचे आहेत. गुडूच्यादि, चंदनादि, करवीरादि हे वर्ग उपयोगासाठीं व पाठाच्या सोयीसाठीं केलेले आहेत. त्यांत आधुनिक कुलें हुडकून काढून पूर्वजांस हेंही ठाऊक होतें असें म्हणणें हा अभिमान झाला, संशोधन नव्हे. तथापि त्यांच्या डोळ्याचें कौतुक करण्याजोगीं स्थळें पुष्कळ आहेत. कोविदारास अमरानें युगपत्रक म्हटलें आहे, कारण त्याचें पान दोन पाळ्यांचें. तेंच जोडपान पाहून त्या गणास बोहिन आडनांवाच्या दोघां वनस्पतिज्ञ बंधूंचें नांव देण्यांत आलें. दसऱ्यास आपण लुटतों तो आपटाही त्याच गणांतला. तसेंच पळस व पळसवेल यांस लोकांनीं एका नांवानें बांधलें आहे. एक वृक्ष, दुसरी प्रचंड वेल; तरी दोन्ही एकाच गणाच्या. येथें रानांत हिंडणाऱ्याची नजर शास्त्राशीं तंतोतंत जुळते.

असो. मुख्य विषय कालनिर्णयाचा. पांढरा चाफा मूळचा अमेरिकेच्या उष्ण भागांतला. शार्ल प्लुमिये या फ्रेंच वनस्पतिज्ञाच्या (१६४६–१७०४) नांवावरून त्याच्या गणास प्लुमेरिया म्हणतात. तेव्हां १४९२ च्या कोलंबसाच्या सफरीपूर्वीं तो आमच्या वैद्यांच्या लेखणीस ठाऊक असणें शक्य नाहीं. बाडांत चाफ्याचा चीक सांगितला असेल, तर ती ओळ त्यानंतरची; कारण सोनचाफ्यास तसा दुधासारखा चीक नाहीं. मात्र ती ओळ नंतरची म्हणून सारा ग्रंथ नंतरचा, असें ठरत नाहीं. नकलकाराने समासांतील टीप मजकुरांत ओढून घेतल्याचीं उदाहरणें संग्राहकांस सांगावयास नकोत. आणि हा प्रश्न केवळ तारखेचाही नाहीं. सोनचाफ्याची साल ज्वरावर देत. पांढऱ्या चाफ्याची साल तीव्र रेचक आहे. संपादकानें अर्थ चुकीचा छापला आणि कोणी त्यावर विसंबून औषध केलें, तर परिणाम रोग्यास भोगावा लागेल.

अशा अंतर्गत पुराव्याचें बळ विद्वानांस अपरिचित नाहीं. भावप्रकाशांत फिरंगरोग व त्यावरील चोपचिनी यांचा उल्लेख आहे, म्हणूनच भावमिश्राचा काल सोळाव्या शतकाच्या सुमारास धरतात. परंतु हेंच शस्त्र उतावीळपणें चालविलें तर हात कापतो, याचें उदाहरण कण्हेरीचें आहे.

भावप्रकाशांत करवीर दोन, पांढरा व तांबडा. नरहरिपंडिताच्या राजनिघंटूंत मात्र चार: श्वेत, रक्त, पीत व कृष्ण. हा निघंटु पुण्याच्या आनंदाश्रमानें १८९६ सालीं धन्वंतरीय निघंटूसह छापला, आणि त्याच्या कालाविषयीं विद्वानांत मोठा मतभेद आहे. आतां आपल्या बागांतून सर्वत्र दिसणारी पिवळी कण्हेर, जिला बिट्टी म्हणतात, ती अमेरिकेची. सोळाव्या शतकांत ब्राझील पाहून आलेल्या आंद्रे थेवे या फ्रेंच पाद्र्याच्या नांवावरून तिला थेवेटिया हें नांव पडलें. तेव्हां पीत करवीर म्हणजे बिट्टी, बिट्टी अमेरिकेची, म्हणून राजनिघंटु अमेरिकेच्या शोधानंतरचा, असें अनुमान सहज सुचतें. आम्हांस तें मान्य नाहीं. पहिलें कारण, खऱ्या कण्हेरींतही फिकट पिवळ्या फुलांचा प्रकार असतो. त्यासाठीं समुद्र ओलांडावा लागत नाहीं. दुसरें कारण अधिक महत्त्वाचें. काळ्या फुलांची कण्हेर कोठेंच नाहीं, तरी निघंटुकारानें ती सांगितली आहे. म्हणजे येथें चार रंगांची चौकट आधीं उभारलेली दिसते आणि झाडें मागाहून तींत बसविलेलीं दिसतात. ज्या चौकटींतील एक घर निश्चितपणें रिकामें आहे, तिच्या शेजारच्या घरावर ग्रंथाचा काल टांगणें धोक्याचें होय. पीत करवीराच्या वर्णनांत बिट्टीचें कठीण, कोनदार फळ सांगितलेली एखादी पोथी मिळाली तर गोष्ट निराळी. ती पोथी जपून ठेवावी आणि तेवढ्या श्लोकाचे पाठभेद प्रथम प्रसिद्ध करावे.

वसाहतीच्या काळांत आलेल्या गुलमोहोर, बोगनवेल, घाणेरी यांविषयीं फार लिहिण्याचें कारण नाहीं. गुलमोहोर मादागास्करचा, त्याचें शास्त्रीय वर्णन १८२९ चें. बोगनवेल व घाणेरी अमेरिकेच्या. हीं नांवें जुन्या म्हणून दाखविलेल्या बाडांत आढळलीं तर विकणाऱ्यास दोन प्रश्न अधिक विचारावे, इतकेंच.

कुलांचीं नांवें उद्धृत करतांना आणखी एक सावधगिरी. रसशास्त्राच्या ग्रंथांत अर्क, स्नुही, लांगली, करवीर, गुंजा, धत्तूर व अहिफेन अशीं सात उपविषें एकत्र सांगतात. यांपैकीं रुई व कण्हेर या दोघांचीं कुलें रॉबर्ट ब्राउन यानें १८१० सालीं वेगळीं केलीं, आणि कुक याच्या मुंबई इलाख्याच्या वनस्पतिग्रंथांत (१९०१–१९०८) तीं वेगळींच आहेत. परंतु आनुवंशिक द्रव्याच्या तुलनेवरून १९९८ पासून जी नवी मांडणी झाली, तींत रुईचें कुल पुनः कण्हेरीच्या कुलांत विलीन झालें. दोघांसही चीक आहे, हें तर कोणत्याही गुराख्यास माहीत होतें. त्याच मांडणीनें साग व निर्गुडी तुळशीच्या कुलांत गेलीं, आणि कांटेसांवर जास्वंदीच्या व भेंडीच्या कुलांत. म्हणून जुन्या ग्रंथांतून कुलनाम घेतांना तो ग्रंथ कोणत्या सालचा, तें लिहिणें अवश्य आहे.

वऱ्हाडांतील बाडांसाठीं कुकचा ग्रंथ एकटा पुरा पडणार नाहीं, कारण वऱ्हाड मुंबई इलाख्यांत नव्हता. आमच्या प्रांतासाठीं विट याची वृक्ष, झुडपें व वेली यांची यादी १९१६ सालीं निघाली. तींत वऱ्हाडच्या जंगलांचा समावेश आहे. पुढें भारतीय वनस्पति सर्वेक्षणानें दिवाकर व शर्मा यांचा बुलढाणा जिल्ह्याचा वनस्पतिग्रंथ २००० सालीं प्रसिद्ध केला. मेहकर, लोणार, सिंदखेड या बाजूच्या घराण्यांतील बाड तपासतांना प्रथम हे दोन ग्रंथ उघडावे. वैद्य बहुधा हाताशीं असलेलेंच झाड लिहितो. बाडांतलें झाड त्या जिल्ह्यांत रानटी नसेल, तर तें लावलेलें तरी असावें, विकत आणलेलें तरी असावें, किंवा तो उतारा परप्रांतांतील पोथीवरून घेतलेला असावा.

नांव व झाड यांची गांठ सतराव्या शतकांतच पक्की बांधलेली पाहावयाची असेल तर 'हॉर्टस मलबारिकस' पाहावा. कोचीनचा डच अधिकारी व्हान रेडे यानें करविलेले त्याचे बारा खंड १६७८ ते १६९३ या काळांत अॅम्स्टरडॅम येथें छापले गेले. इट्टी अच्युतन् या मलबारी वैद्याबरोबर रंगभट्ट, विनायक पंडित व अप्पुभट्ट या तिघां कोंकणी ब्राह्मणांनीं त्या कामास साह्य केलें, आणि त्यांचें १६७५ चें नागरी लिपींतील प्रमाणपत्र पहिल्या खंडांत जसेंच्या तसें छापलेलें आहे. शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकानंतर अवघ्या एका वर्षाचा हा लेख. नागरी अक्षराच्या अभ्यासकांनींही तो पाहण्यासारखा आहे. झाडांच्या चित्रांवर इतर लिप्यांबरोबर नागरींतही नांवें कोरलेलीं आहेत. चंपक त्या पहिल्याच खंडांत आहे, आणि तो सोनचाफा आहे.