वणवा, पेटलेला ऊस आणि धूर : धोके, प्रथमोपचार आणि काळजी

वणवा म्हटले की डोंगरावरचे जंगल आठवते. बारामती आणि इंदापूर तालुक्यांत आग लागते ती माळरानावरच्या वाळलेल्या गवताला, उसाच्या फडाला आणि तोडणीनंतर शेतात उरलेल्या पाचटाला. हिवाळ्याच्या अखेरीपासून पहिला पाऊस पडेपर्यंत हा धोका जास्त असतो. अशा आगीत भाजण्याची भीती सर्वांनाच असते. धुराचा त्रास मात्र काही वेळा आग विझल्यावर कित्येक तासांनी सुरू होतो आणि तोपर्यंत रुग्ण घरी जाऊन झोपलेला असतो.

आग कशामुळे लागते?

• पाचट किंवा बांधावरचे गवत पेटवल्यावर वाऱ्याने ठिणगी उडणे
• विजेच्या लोंबकळणाऱ्या तारा एकमेकींना घासून ठिणग्या पडणे
• विडी-सिगारेटचे थोटूक किंवा न विझवलेली चूल
• ‘जुने गवत जाळले की नवे चांगले फुटते’ या समजुतीने माळ पेटवणे

सुप्याजवळचे मयूरेश्वर अभयारण्य आणि इंदापूरमधील कडबनवाडीचा माळ येथे चिंकारा राहतात. अभयारण्यात आग लावणे हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे.

धूर शरीरात काय करतो?

धुरातील अतिसूक्ष्म कण (पीएम २.५) फुप्फुसात खोलवर जातात. त्यामुळे दमा बळावतो आणि हृदयविकार असलेल्यांना झटका येण्याचा धोका वाढतो. ऑस्ट्रेलियात २०१९-२० च्या वणव्यांमध्ये थेट आगीमुळे ३३ जणांचा जीव गेला. धुरामुळे झालेल्या मृत्यूंचा संशोधकांचा अंदाज मात्र ४०० हून अधिक होता.

दुसरा धोका कार्बन मोनॉक्साइड या वायूचा. त्याला रंग नाही, वास नाही. तो रक्तात प्राणवायूची जागा घेतो. डोके दुखणे, मळमळ, चक्कर, गोंधळल्यासारखे वागणे ही त्याची लक्षणे. अशा वेळी बोटाला लावायचे ऑक्सिमीटर फसवे असते. आकडा ९८ दिसला तरी रुग्ण धोक्यात असू शकतो.

तिसरे म्हणजे गरम हवेने घसा आतून भाजतो. सूज हळूहळू वाढते आणि काही तासांनी श्वास कोंडू शकतो.

लहान मुले, गरोदर स्त्रिया, वृद्ध आणि दमा, सीओपीडी किंवा हृदयविकार असलेल्यांनी धुरापासून लांब राहावे. तोंडाला बांधलेला ओला रुमाल किंवा उपरणे सूक्ष्म कण फारसे अडवत नाही. नीट बसणारा एन-९५ मास्क कण अडवतो, पण विषारी वायू अडवत नाही.

फड पेटला तर

वर्षभराचे पीक डोळ्यांदेखत जळताना माणूस आत धावतो. इथेच जीव जातात. तोडणीला आलेल्या उसाचे खालचे पाचट पूर्ण वाळलेले असते, आग सरीतून माणसापेक्षा वेगाने पळते, वारा फिरला की बाहेरची वाट दिसत नाही. जळालेला ऊस लवकर तोडला तर गाळपाला जातो आणि काही पैसे हाती येतात. म्हणून फडात शिरू नका.

• आधी माणसे मोजा. फडाच्या कडेला झोपवलेली मुले आणि ऊसतोड मजुरांच्या कोप्या यांच्याकडे पहिले लक्ष द्या.
• वाऱ्याच्या आडव्या दिशेने बाहेर पडा.
• ११२ किंवा १०१ वर फोन करा. माळावर किंवा वनात आग असेल तर वन विभागाचा १९२६ क्रमांक आहे. गावात ग्रामसुरक्षा यंत्रणा असेल तर एका फोनवर सर्वांना इशारा जातो.
• तार तुटली असेल तर वीज बंद झाल्याची खात्री होईपर्यंत पाणी मारू नका.
• कपडे पेटले तर पळू नका. जमिनीवर आडवे होऊन लोळा.

भाजल्यावर प्रथमोपचार

१. भाजलेल्या भागावर २० मिनिटे साधे वाहते पाणी सोडा. बर्फ नको. उशीर झाला असला तरी पहिल्या तीन तासांत याचा उपयोग होतो.
२. बांगड्या, अंगठ्या, जोडवी, पट्टा लगेच काढा. सूज आल्यावर निघत नाहीत.
३. त्वचेला चिकटलेले कापड ओढू नका. फोड फोडू नका.
४. स्वच्छ सुती कापडाने सैल झाका. टूथपेस्ट, हळद, तूप, शाई, चिखल काहीही लावू नका.

आग विझल्यावरही राखेखालचा फुफाटा बराच वेळ धगधगत असतो. मुलांना तिकडे जाऊ देऊ नका. मधुमेहामुळे ज्यांच्या पायांची संवेदना कमी झाली आहे, त्यांना चटका कळतही नाही.

ताबडतोब रुग्णालयात केव्हा जावे?

• आवाज बसला, नाकात किंवा थुंकीत काजळी दिसली, नाकातले केस जळाले
• धाप, छातीत दुखणे, गुंगी, उलट्या
• चेहरा, हात, पाऊल, सांधा किंवा गुप्तांग भाजले
• जखम रुग्णाच्या तळहातापेक्षा मोठी आहे किंवा पांढरी, काळी, बधिर झाली आहे
• विजेचा धक्का बसला आहे
• भाजलेली व्यक्ती बालक, वृद्ध किंवा गरोदर स्त्री आहे

१०८ ला फोन करा. रुग्ण कोंडलेल्या जागी धुरात सापडला होता का आणि किती वेळ, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. उपचार त्यावर ठरतात. बरे वाटत असले तरी धुरात अडकलेल्या माणसाला पहिली रात्र एकटे ठेवू नका.

आग टाळण्यासाठी गाव काय करू शकते?

उन्हाळ्यापूर्वी वन विभाग गवत काढून जाळरेषा आखतो. तसाच मोकळा पट्टा फड, गोठा आणि कोप्यांभोवती ठेवा. लोंबकळणाऱ्या तारांची तक्रार महावितरणकडे १९१२ वर नोंदवा. एक हेक्टर उसातून साधारण ८ ते १० टन पाचट निघते. ते न जाळता सरीत कुजवले तर जमिनीला सेंद्रिय खत मिळते. पद्धत बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारा. घरात दम्याचा रुग्ण असेल तर तोडणीच्या हंगामात त्याचा इन्हेलर संपलेला नाही ना, हे आजच पाहून ठेवा.