लखुजीराव जाधवांचा राजवाडा, सिंदखेड राजा

बुलढाणा जिल्ह्यातील सिंदखेड राजा येथील हा भुईकोट राजवाडा म्हणजे राजमाता जिजाऊंचे जन्मस्थान (१२ जानेवारी १५९८). जुन्या मुंबई-नागपूर महामार्गालगतचे त्याचे भव्य प्रवेशद्वार उभे आहे. आतील वास्तूचा बराच भाग मात्र ढासळला आहे. जवळच्या काळाकोटाच्या भिंती सुमारे २० फूट रुंद आहेत.

वाड्याहून बोलकी आहे ती लखुजीरावांची समाधी. जुलै १६२९ मध्ये देवगिरीवर निजामशहाच्या भर दरबारात लखुजीराव, पुत्र अचलोजी व राघोजी आणि नातू यशवंतराव यांची दगाबाजीने हत्या झाली. त्यांच्या स्मरणार्थ उभारलेली ही घुमटाची इमारत थेट मकबऱ्याच्या धाटणीची आहे. ज्या सुलतानी दरबाराने घात केला, त्याच दरबारी जगाचे स्थापत्य समाधीसाठीही स्वीकारले गेले.