पुएन्ते, तीतो
पुएन्ते, तीतो : (१९२३–२०००). अमेरिकेतील लॅटिन संगीताचे अग्रगण्य वाद्यवृंदप्रमुख, तालवादक, रचनाकार व संगीतसंयोजक. पूर्ण नाव अर्नेस्ट अँथनी पुएन्ते. ‘टिंबालेसचा राजा’ म्हणून ते ओळखले जात. त्यांचा जन्म २० एप्रिल १९२३ रोजी न्यूयॉर्कमधील हार्लेम येथे प्वेर्तो रिकोहून आलेल्या कुटुंबात झाला. लहानपणी ते पियानो आणि नृत्य शिकले. जॅझ ड्रमवादक जीन क्रुपा यांच्या वादनाचाही त्यांच्यावर प्रभाव पडला. तरुणपणीच त्यांना क्यूबन वाद्यवृंदप्रमुख माचितो यांच्या वृंदात वाजवण्याची संधी मिळाली.

दुसऱ्या महायुद्धात त्यांनी नौदलात सेवा केली. युद्धानंतर माजी सैनिकांसाठीच्या सरकारी शिक्षणसाहाय्यावर त्यांनी न्यूयॉर्कच्या ज्युलियर्ड संस्थेत वृंदसंचालन व वाद्यसंयोजनाचे शिक्षण घेतले. १९४० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी स्वतःचा वृंद उभारला. पुढील दशकात ब्रॉडवेवरील पॅलेडियम नृत्यगृह मांबो या क्यूबन नृत्यसंगीताचे माहेरघर बनले. माचितो, तीतो रोद्रिगेस आणि पुएन्ते यांचे वृंद तिथे चुरशीने वाजत आणि सर्व वंशांचे व थरांचे लोक एकत्र नाचत.

टिंबालेस म्हणजे तिपाईवर शेजारी शेजारी बसवलेले धातूच्या अंगाचे दोन ढोल; सोबत घंटा व झांज असते. पातळ काठ्यांनी चामड्यावर, कडेवर आणि पत्र्याच्या अंगावरही आघात करतात. तालवादक सहसा वृंदाच्या मागे बसत. पुएन्ते यांनी टिंबालेस रंगमंचाच्या पुढच्या बाजूला आणून उभ्याने वाजवले आणि तिथूनच ट्रम्पेट-सॅक्सोफोनच्या ताफ्याला इशारे दिले. व्हायब्राफोनही ते सफाईने वाजवत. क्यूबन संगीताचा कणा असलेली क्लावे ही पाच आघातांची लयाकृती न मोडता त्यांनी जॅझचे स्वरसंवाद त्यात मिसळले. नाचणाऱ्यांची पावले न अडखळवता जाणकारांनाही गुंतवून ठेवणारे हे संयोजन त्यांचे सर्वांत मोठे कर्तृत्व होय.

‘डान्स मेनिया’ (१९५८) हा त्यांचा सर्वाधिक गाजलेला संग्रह. १९६२ मध्ये ध्वनिमुद्रित झालेली ‘ओये कोमो वा’ ही त्यांची चा-चा-चा रचना कार्लोस सान्ताना यांच्या रॉक वृंदाने १९७० मध्ये नव्याने सादर केली आणि ती जगभर पोहोचली. ला लुपे व सेलिया क्रूस या क्यूबन गायिकांबरोबरचे त्यांचे ध्वनिमुद्रणही महत्त्वाचे आहे. १९७० नंतर साल्साची लाट आली तरी त्यांचे स्थान ढळले नाही. १९९२ च्या ‘द मांबो किंग्ज’ या चित्रपटात ते स्वतःच्याच भूमिकेत दिसले.

त्यांचे शंभराहून अधिक संग्रह प्रसिद्ध झाले. त्यांना हयातीत पाच ग्रॅमी पुरस्कार आणि १९९७ मध्ये अमेरिकेचे राष्ट्रीय कलापदक मिळाले. २००० साली हृदयशस्त्रक्रियेनंतर न्यूयॉर्कमध्ये त्यांचे निधन झाले. ईस्ट हार्लेममधील ११० व्या रस्त्याला त्यांचे नाव देण्यात आले, तर २००३ मध्ये त्यांना मरणोत्तर जीवनगौरव ग्रॅमी मिळाला. तालवादक हा केवळ साथीदार नसून संपूर्ण वृंदाचा कर्ता असू शकतो, हे त्यांच्या पन्नास वर्षांहून अधिक काळच्या कारकीर्दीने सिद्ध केले.