कन्टिन्युएशनचं माहेर

कन्टिन्युएशन म्हटलं की स्कीम भाषा आठवते, आणि म्हणून ते फंक्शनल भाषांचंच अपत्य असं धरलं जातं. मला मात्र त्याचं माहेर सापडलं ते अल्गोल भाषेत, प्रोग्रामला भलत्याच ओळीवर उडी मारायला लावणाऱ्या गोटूच्या घरी!

सप्टेंबर 1964. व्हिएन्नाजवळच्या बाडेनमध्ये प्रोग्रामिंग भाषांच्या औपचारिक वर्णनावर परिषद भरली होती. डच गणिती आड्रियान व्हान वाइनगार्डन यांना अल्गोल 60 मधून लेबलं आणि गोटू काढून टाकायचे होते. त्यांची युक्ती अशी: प्रत्येक प्रोसीजरला एक जादा पॅरामीटर द्यायचा, काम झाल्यावर पुढे कुणाला बोलवायचं तो.

आजच्या रूपात 2 + 3×4 घ्या. एरवी गुणाकार 12 घेऊन मागे येतो, मग खोळंबलेली बेरीज पुरी होते. इथे गुणाकाराला आधीच बजावलेलं असतं की उत्तर येईल ते 2 मिळवणाऱ्या फंक्शनच्या, म्हणजेच कन्टिन्युएशनच्या, हवाली कर. तो 12 पुढे सोपवून मोकळा होतो, परत येतच नाही. चर्चेत वाइनगार्डन यांनी हेच ठासून सांगितलं: कुणी परतणारच नसेल, तर परतीची सोय ठेवायची कशाला?

श्रोत्यांत संगणकशास्त्रज्ञ लँडिन होते, स्ट्रेचीही होते. लँडिननी 1965 मध्ये उड्या आणि लेबलांचं व्यापक रूप असलेला जे-ऑपरेटर मांडला. स्ट्रेची प्रोग्रामला गणिती अर्थ देत होते. एकापुढे एक विधानं म्हणजे फंक्शनांची जोडणी, हा त्यांचा हिशेब गोटूपाशी कोलमडे. 1970 मध्ये त्यांनी प्रोग्रामच्या उरलेल्या भागाला फंक्शन मानणारा माझुर्कीविच यांचा निबंध आपले विद्यार्थी क्रिस्टोफर वॉड्सवर्थ यांना दाखवला आणि वॉड्सवर्थनी कल्पना बांधून तिला कन्टिन्युएशन हे नावही दिलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात लॉकवूड मॉरिस लंडनच्या क्वीन मेरी कॉलेजात तीच मांडत होते. संगणकशास्त्रज्ञ जॉन रेनल्ड्स यांनी 1993 मध्ये ही सगळी वंशावळ तपासली. त्यांच्या मते हा शोध अनेकांना, बराचसा स्वतंत्रपणे लागला.

मॉरिसपुरतं मी ते मान्य करतो, स्ट्रेचींच्या बाबतीत नाही. अडचण गोटूचीच, उपायही तोच, आणि बाडेनला ते स्वतः हजर. बीज तिथेच पडलं, असा माझा तर्क आहे.

काहीजण हे कूळ 1925 च्या गणिती कोल्मोगोरोव्हपर्यंत, तर्कशास्त्रातल्या त्यांच्या दुहेरी नकाराच्या युक्तीपर्यंत नेतात. नातं खरं आहे, पण 1990 मध्ये कन्टिन्युएशनला तर्कशास्त्राशी जोडणाऱ्या ग्रिफिन यांच्या लेखानंतर ते उजेडात आलं. साम्य दिसलं म्हणून वंश ठरत नाही. वाइनगार्डन यांनी मात्र युक्ती सगळ्यांसमोर मांडली होती. मूळ विषयाआधीची साफसफाई म्हणून मांडल्यामुळे ती डोळ्यांआड झाली, एवढंच.