लुईजी, कार्लो, मातिल्दे : इटलीच्या कांहीं नांवांची कुळकथा

ज्युबिलीच्या एका वर्षांत आम्हांपुढें एक प्रश्न आला. एका तरुण पित्यानें आपल्या मुलाचें नांव "विनय" ठेवावयाचें ठरविलें होतें. बाळाचे आजोबा मात्र हटून बसले. "फादर, हें ख्रिस्ती नांव नव्हे. लुईस लिहा." आम्हीं दोघांनाही बसवून घेतलें व लुईस या नांवाचीच कथा सांगितली. तीच वाचकांपुढें ठेवीत आहों.

लुईसला इटलींत लुईजी म्हणतात. ऐकावयास अगदीं इटालियन. परंतु त्याचें मूळ लॅटिन नाहीं. फ्रँक लोकांच्या "ह्लुदविग" या नांवापासून तें आलें. ह्लुद म्हणजे विख्यात. आपल्या संस्कृतांतील "श्रुत" या शब्दाचा तो सख्खा भाऊ होय. विग म्हणजे लढाई. अशा नांवांत प्रभु येशूचा किंवा प्रेषितांचा मागमूसही नाहीं!

पश्चिमेकडील रोमन साम्राज्य इ.स. ४७६ त मोडलें. त्यानंतर गॉथ, इ.स. ५६८ त आल्बोइन राजाबरोबर लाँगोबार्ड, आणि ७७४ त शार्लमेनबरोबर फ्रँक, असे जर्मानिक लोक इटलींत राज्यकर्ते झाले. त्यांच्या भाषा कालांतरानें तेथें लोपल्या. नांवें मात्र राहिलीं. राज्यकर्त्यांचीं नांवें प्रजा उचलते, हें उत्तर कोंकणांतील ख्रिस्ती माणसास सांगावयास नको.

हीं नांवें बहुधा आपल्या रणजित, वीरसेन यांसारखीं सामासिक असत. आल्बेर्तो म्हणजे कुलीन व तेजस्वी. फेदेरीको म्हणजे शांति व राजा. बेर्नार्दो म्हणजे अस्वलासारखा कणखर. कार्लो एवढा साधा, कीं त्याचा अर्थ नुसता "माणूस". इटालियन जिभेनें आरंभींचा "ह" गाळला व "व" चा "ग्व" किंवा "ग" केला. म्हणून हाइनरिखचा एन्रीको झाला आणि विदोचा ग्वीदो. स्त्रियांच्या नांवांतही तलवारी खणखणतात. मातिल्दे म्हणजे सामर्थ्य व युद्ध. याच नांवाच्या तोस्कानाच्या राणीसारख्या सरदारणीच्या कानोस्सा गडावर १०७७ त जर्मन राजा चौथा हेन्री पोप सातवे ग्रेगरी यांची क्षमा मागावयास आला. पोपांचें मूळचें नांव हिल्देब्रांद, म्हणजे रण व खड्ग. क्षमा मागणारा, क्षमा करणारे आणि गडाची मालकीण, तिघांचींही जन्मनांवें जर्मानिक!

त्याच्याही पूर्वीची एक गोष्ट आम्हांस फार बोलकी वाटते. लाँगोबार्डांची राणी तेओदोलिंदा कॅथॉलिक होती. तिचा पुत्र आदालोआल्द याचा ६०३ त कॅथॉलिक विधीनें बाप्तिस्मा झाला. आदालोआल्द म्हणजे कुलीन व सत्ताधारी. थोर पोप पहिले ग्रेगरी यांनीं राणीस अभिनंदनाचें पत्र धाडिलें व बाळासाठीं क्रूस भेट दिला. पुढें तो राजा झाला, तो त्याच नांवानें.

असिसीच्या संत फ्रान्सिसचा बाप्तिस्मा "जोव्हान्नी" या नांवानें झाला होता. व्यापारासाठीं फ्रान्सला गेलेला पिता परतल्यावर त्यास "फ्रांचेस्को" म्हणूं लागला, असें परंपरा सांगते. या नांवाच्या मुळाशीं फ्रँक लोकांचेंच नांव आहे. आज तें उच्चारतांना फ्रान्स कोणास आठवतो?

आणि लुईजी? लाँगोबार्ड इटलींत उतरल्यास बरोबर एक हजार वर्षें झालीं, त्या १५६८ सालीं लुईजी गोन्झागा जन्मला. पिता मुलास सैनिक करूं पाहत होता, म्हणजे नांवास शोभेल असें. मुलगा येशूसंघांत गेला व १५९१ त रोमांत साथीच्या रोग्यांची सेवा करतांना, वयाच्या तेविसाव्या वर्षीं वारला. तोच आपला संत अलोयसियस.

१९१७ च्या धर्मसंहितेप्रमाणें धर्मगुरूनें ख्रिस्ती नांवाची काळजी घ्यावयाची, व पालकांनीं न ऐकल्यास एखाद्या संताचें नांव जोडून वहींत लिहावयाचें. १९८३ च्या संहितेंत ख्रिस्ती भावनेस परकें नांव देऊं नये, एवढेंच सांगितलें आहे. हें ऐकून आजोबा कांहीं वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आणि आपल्या आडनांवांचें काय?" आम्हीं सांगितलें कीं, रॉड्रिग्ज म्हणजे रोदरिकचा मुलगा, आणि रोदरिक म्हणजे कीर्ति व राजा, स्पेन-पोर्तुगालांत राज्य केलेल्या गॉथांचें तें नांव. गोन्साल्विसमधील "गोन" म्हणजे पुन्हां लढाईच. वसईचे संत गोन्सालो गार्सिया १५९७ त नागासाकी येथें क्रुसावर मरण पावले, त्यांचेंही नांव तेंच.

आजोबा हंसले. वहींत आम्हीं "विनय लुईस" असें लिहिलें, आणि खालीं त्यांनीं साक्षीची सही केली.